कर्णधाराचा नकार
(युवक अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

'खेळात राजकारण आणू नये' हे वाक्य आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेले असते की त्याचा अर्थ तपासून पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. हे वाक्य उच्चारणारी माणसे बहुधा सज्जन असतात. खेळाचे मैदान ही निर्मळ जागा राहावी, दैनंदिन जीवनातील कलहांची धूळ तेथे उडू नये, एवढाच त्यांचा हेतू असतो. परंतु मैदानात कोणाला प्रवेश मिळावा आणि कोणाला मिळू नये हे जेथे कायद्यानेच कातडीच्या रंगावरून ठरते, तेथे राजकारण खेळाच्या आधीच मैदानात येऊन बसलेले असते. अशा वेळी खेळाडूने काय करावे? या प्रश्नाला एका माणसाने आपल्या वर्तनाने दिलेले उत्तर आज पाहावयाचे आहे. त्या माणसाचे नाव ग्रॅहॅम मूरी. तो न्यूझीलंडच्या 'ऑल ब्लॅक्स' या रग्बी संघाचा कर्णधार होता.

आपल्याकडे रग्बी हा खेळ फारसा रुजला नाही. मुंबईच्या जिमखान्याच्या मैदानावर तो खेळला जातो, पण गल्लीबोळांत आणि खेड्यापाड्यांत क्रिकेट किंवा कबड्डीला जे स्थान आहे ते रग्बीला नाही. न्यूझीलंडमध्ये मात्र रग्बीचे स्थान खेळाच्या पलीकडचे आहे. १९८१ साली सुमारे ३१ लाख वस्तीचा हा देश. मेंढ्या आणि दुभती जनावरे पाळणाऱ्या शेतकऱ्यांचा. जगाच्या नकाशाच्या एका कोपऱ्यात पडलेल्या या देशाला जगाने मान दिला तो रग्बीमुळे, अशी तेथील सामान्य माणसाची भावना. शनिवारी दुपारी गावचे मैदान, रविवारी सकाळी प्रार्थनामंदिर, असा तेथील जीवनक्रम होता. आणि या दोहोंपैकी भक्ती कोठे अधिक, हे सांगणे कठीण होते. ऑल ब्लॅक्सच्या कर्णधाराला त्या देशात जो मान होता, तो पंतप्रधानालाही असेलच असे नाही.

मूरीचा जन्म ८ सप्टेंबर १९५२ रोजी तारानाकी प्रांतातील ओपुनाके येथे झाला. हा दुग्धव्यवसायाचा मुलूख. याच किनारपट्टीवर, ओपुनाकेपासून थोड्याच अंतरावर, पारिहाका नावाचे माओरी गाव आहे. सरकारने जप्त केलेल्या माओरी जमिनींवर १८७९ साली या गावचे लोक नांगर घेऊन गेले. त्यांनी शस्त्र उचलले नाही. ते शांतपणे नांगरत राहिले, एका तुकडीला अटक झाली की दुसरी तुकडी नांगराला हात घाली. ५ नोव्हेंबर १८८१ रोजी सुमारे १६०० सशस्त्र माणसे या गावावर चालून आली, तेव्हा त्यांच्या वाटेत गाणी म्हणणारी मुले बसलेली होती. ते वास्तविक गांधीजींच्या सत्याग्रहापूर्वी पाव शतकाचे सत्याग्रहच. वर्णाच्या प्रश्नाने न्यूझीलंडचा समाज दुभंगला तो बरोबर शंभर वर्षांनी, १९८१ साली.

रग्बीत मूरी 'फ्लँकर' या जागी खेळे. दोन्ही बाजूंचे आठ-आठ धिप्पाड गडी एकमेकांना भिडून जी रेटारेटी करतात तिला 'स्क्रम' म्हणतात. फ्लँकर तिच्या कडेला खांदा लावून उभा असतो, आणि चेंडू सुटला की त्याच्यापाशी सर्वांआधी पोचणे हे त्याचे काम. या जागेला दमसास लागतो, तशीच पुढे काय घडणार हे आधी ओळखणारी नजरही लागते. मूरीपाशी दोन्ही होते. १९७६ साली ऑल ब्लॅक्सचा मुख्य संघ दक्षिण आफ्रिकेला गेला, त्याच वर्षी अर्जेंटिनाच्या दौऱ्यावर दुसरा संघ धाडण्यात आला. त्याचे नेतृत्व चोवीस वर्षांच्या मूरीकडे आले. १९७७ मध्ये ब्रिटिश लायन्स संघाविरुद्ध त्याने कसोटी पदार्पण केले आणि त्याच वर्षी फ्रान्सच्या दौऱ्यावर तो कर्णधार झाला. १९७८ च्या दौऱ्यात त्याच्या संघाने आयर्लंड, वेल्स, इंग्लंड आणि स्कॉटलंड या चारही राष्ट्रांना एकाच दौऱ्यात हरविले. न्यूझीलंडच्या कोणत्याही संघाला ते त्यापूर्वी साधलेले नव्हते. त्या दौऱ्यातील अठरा सामन्यांपैकी एकच सामना, आयर्लंडमधील मन्स्टर प्रांताविरुद्धचा, गमवावा लागला. ऑल ब्लॅक्ससाठी मूरी एकंदर ६१ सामने खेळला, आणि त्यांपैकी ५७ सामन्यांत तो कर्णधार होता. २१ कसोट्यांपैकी १९ कसोट्यांचे नेतृत्व त्याने केले. म्हणजे संघात तो बहुतांश काळ वावरला तो नायक म्हणूनच.

आता या कीर्तीच्या भोवतालची परिस्थिती पाहू. न्यूझीलंडच्या रग्बीचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी दक्षिण आफ्रिका. त्या देशाचा 'स्प्रिंगबॉक्स' संघ हा गोऱ्यांचा संघ होता, आणि गोऱ्या सत्ताधाऱ्यांच्या अभिमानाचे ते निशाण होते. या संघाशी खेळत राहण्यासाठी न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेने काय केले, हा इतिहास लाजिरवाणा आहे. यजमानांना चालत नाहीत म्हणून ती आपल्याच माओरी खेळाडूंना घरी ठेवून दक्षिण आफ्रिकेला संघ पाठवी. १९६० च्या दौऱ्याच्या वेळी 'माओरी नाहीत तर दौराही नाही' ही घोषणा देशभर घुमली, दीड लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन सादर झाले; तरी संघ गेलाच. १९७० साली माओरी आणि सामोअन वंशाच्या खेळाडूंना प्रवेश मिळाला, तो 'मानद गोरे' म्हणून! माणसाला माणूस म्हणून न स्वीकारता काही आठवड्यांपुरते गोरेपण उसने देण्याची ही युक्ती होती. पुढे १९७३ चा स्प्रिंगबॉक्सचा दौरा मजूर पक्षाचे पंतप्रधान नॉर्मन कर्क यांनी रद्द करविला. परंतु १९७५ च्या निवडणुकीत रॉबर्ट मल्डून यांचा नॅशनल पक्ष सत्तेवर आला आणि वारे फिरले. १६ जून १९७६ रोजी सोवेटोत शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर काही दिवसांतच ऑल ब्लॅक्स दक्षिण आफ्रिकेत खेळत होते. त्याचा निषेध म्हणून वीसहून अधिक राष्ट्रांनी, त्यांत बहुसंख्य आफ्रिकी, माँट्रियल ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. जून १९७७ मध्ये राष्ट्रकुलाच्या प्रमुखांनी ग्लेनईगल्स करार करून वर्णद्वेषी राज्याशी क्रीडासंबंध ठेवण्यास परावृत्त करण्याचे वचन दिले. मल्डून यांनीही त्यावर सही केली होती. पण पुढे ते म्हणू लागले की, खेळाच्या संघटना स्वतंत्र आहेत, त्यांना आज्ञा देणे सरकारचे काम नव्हे. खेळात राजकारण नको हे वाक्य किती सोयीचे असते याचा हा नमुना.

या पार्श्वभूमीवर १९८१ च्या हिवाळ्यासाठी रग्बी संघटनेने स्प्रिंगबॉक्सना निमंत्रण दिले आणि मूरीने कळविले की, या मालिकेसाठी आपण उपलब्ध नाही. 'उपलब्ध नाही' हे रग्बीच्या व्यवहारातील साधे शब्द. दुखापत असली, शेतीचा हंगाम असला, परीक्षा असली की खेळाडू तसे कळवीत. मूरीला यांपैकी कोणतीच अडचण नव्हती. वर्णद्वेषी राज्याच्या संघाशी खेळणे त्याच्या विवेकाला पटत नव्हते, आणि या दौऱ्याने आपल्या देशाचे अहितच होईल असे त्याचे मत होते. ब्रूस रॉबर्टसन या नामांकित खेळाडूनेही त्याच भूमिकेतून अंग काढून घेतले.

या नकाराची किंमत काय होती? ऑल ब्लॅक्सचे खेळाडू हौशी होते. त्यांना वेतन नव्हते. त्यामुळे मूरीचे आर्थिक नुकसान झाले नाही असे कोणी म्हणेल. परंतु ज्या खेळात पैसा नाही, त्यात मान हेच वेतन असते. स्प्रिंगबॉक्सविरुद्ध स्वदेशात कसोटी मालिका जिंकणे ही न्यूझीलंडच्या कर्णधाराच्या आयुष्यातील परमावधी मानली जाई. तशी मालिका देशात होऊन सोळा वर्षे लोटली होती. मूरी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, खेळाच्या ऐन भरात होता. ती संधी त्याने स्वतःच्या हाताने सोडली. आणि तीही ज्या ग्रामीण, रग्बीवेड्या समाजात तो वाढला त्याच्या बहुमताविरुद्ध जाऊन. शहरातल्या विद्यापीठात निषेधाचा फलक धरणे सोपे नसते हे खरे. पण ज्या गावात शेजारी, नातलग आणि क्लबातले सोबती सगळेच दौऱ्याची वाट पाहत आहेत, त्या गावात राहून 'मी खेळणार नाही' म्हणणे अधिक कठीण असते.

येथे आपल्या देशातील एका घटनेचे स्मरण करणे उचित होईल. १९७४ साली भारताच्या टेनिस संघाने पुण्यात सोव्हिएट रशियाचा पराभव करून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. विजय आणि आनंद अमृतराज हे बंधू तेव्हा बहरात होते आणि चषक जिंकण्याची संधी खरीखुरी होती. भारत खेळला नाही. चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेला मिळाला. १९४६ सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणाऱ्या देशाला हे शोभणारेच होते. पण एक फरक ध्यानात घ्यावयास हवा. भारतात निर्णय देशाचा होता. खेळाडूंनी त्याग केला, पण त्या त्यागामागे सारे राष्ट्र उभे होते. न्यूझीलंडमध्ये सरकार दौऱ्याच्या आड येत नव्हते, संघटना आग्रही होती, आणि अर्धा देश तिच्यामागे होता. तेथे कर्णधाराला एकट्याने ठरवावे लागले.

दौरा झालाच. ५६ दिवसांच्या त्या दौऱ्यात न्यूझीलंडने स्वतःचे असे रूप पाहिले की ते तो देश आजतागायत विसरलेला नाही. २५ जुलैला हॅमिल्टनच्या मैदानात काही शे निदर्शक कुंपण तोडून घुसले, हातात हात गुंफून मध्यभागी उभे राहिले, आणि सामना रद्द करावा लागला. संतप्त प्रेक्षकांनी त्यांना पुढे बेदम मारले. मैदानांभोवती काटेरी तारांची भेंडोळी पडली. शिरस्त्राणे घातलेले, लांब दंडुके घेतलेले पोलीस शांत देशाच्या रस्त्यांवर प्रथमच दिसू लागले. दौरे थांबविण्यासाठी १९६९ पासून झटणाऱ्या 'हार्ट' या संघटनेबरोबर चर्च, कामगार संघटना, विद्यार्थी, गृहिणी अशी दीड लाखांहून अधिक माणसे दोनशेंहून अधिक निदर्शनांत उतरली. सुमारे १५०० जणांवर खटले भरले गेले. १२ सप्टेंबरला ऑकलंडच्या शेवटच्या कसोटीवर एक लहान विमान घिरट्या घालीत पिठाच्या पुड्या टाकीत होते; त्यांतील एक लागून न्यूझीलंडचाच गॅरी नाइट खाली कोसळला. एकाच घरात बाप मैदानावर आणि मुलगी मोर्चात, असे चित्र गावोगाव होते.

त्या दिवसांत माओरी कार्यकर्त्यांनी आपल्या गोऱ्या सोबत्यांना एक अवघड प्रश्न विचारला. हजारो मैलांवरील काळ्यांसाठी तुम्ही डोकी फोडून घेता, पण याच देशात आमच्या जमिनी गेल्या त्याचे काय? ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंट येथे माओरींनी आपल्या भूमीवर ५०६ दिवस ठाण मांडले होते. मे १९७८ मध्ये पोलीस व सैन्य आणून त्यांना तेथून हटविण्यात आले होते. परक्या अंगणातील अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूस प्रामाणिक असेल, तर त्याला आपल्या अंगणाकडे वळून पाहावेच लागते. १९८१ च्या आंदोलनाचे हे फलित दौऱ्याच्या जयपराजयाहून मोठे आहे.

जयपराजयाचे बोलावयाचे तर अँडी डाल्टनच्या नेतृत्वाखाली न्यूझीलंडने मालिका २-१ ने जिंकली. नोव्हेंबरात मल्डून निसटत्या बहुमताने पुन्हा निवडून आले. मग मूरीने काय साधले, असे व्यवहारी माणूस विचारील. त्याच्या नकाराने दौरा थांबला नाही, संघ हरला नाही, सरकारही पडले नाही. तो मोर्चांचा पुढारी झाला नाही. दौरा आटोपल्यावर तोच मूरी पुन्हा कर्णधार म्हणून रुमानिया आणि फ्रान्सला गेला. म्हणजे ज्या संघटनेने वर्णद्वेष्ट्यांना पायघड्या घातल्या, तिच्याशी त्याने नाते तोडले नाही. क्रांतिकारकाच्या मोजपट्टीला हा माणूस कमीच भरेल.

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. एकट्याचा नकार व्यवस्थेला क्वचितच हलवितो, हे मान्यच करावयास हवे. पण दक्षिण आफ्रिकेशी खेळण्याचे समर्थन ज्या एका आधारावर उभे होते तो कोणता? 'निषेध करणाऱ्यांना खेळ कळत नाही. ते लांब केसांचे रिकामटेकडे लोक आहेत. खऱ्या रग्बीवाल्याला यात काही वावगे वाटत नाही' हा. ज्याने चार राष्ट्रांना हरविले त्या कर्णधारानेच पाठ फिरविल्यावर हा आधार राहिला नाही. त्याच्याही आधी केन ग्रे आणि बॉब बर्जेस या न्यूझीलंडच्या खेळाडूंनी १९७० च्या दौऱ्यापासून स्वतःला दूर ठेवले होते. वेल्सचा जॉन टेलर आणि १९७१ साली ऑस्ट्रेलियाचे सात खेळाडू स्प्रिंगबॉक्सशी खेळण्यास नकार देऊन मोकळे झाले होते. अशा सुट्या सुट्या नकारांची एक परंपरा तयार होते, आणि पुढच्या माणसाला आपण वेडे नाही एवढी खात्री तिच्यापासून मिळते. १९८५ साली ऑल ब्लॅक्सचा दक्षिण आफ्रिकेचा दौरा न्यायालयाच्या मनाईहुकमाने थांबला; तो अर्ज करणारे दोघे वकील क्लबात रग्बी खेळणारेच होते. १९८६ साली 'कॅव्हेलियर्स' या नावाने बहुतेक सारा संघ चोरवाटेने दक्षिण आफ्रिकेला गेला, तेव्हा डेव्हिड कर्क आणि जॉन कर्वन या दोघांनी जाण्यास नकार दिला. पुढच्याच वर्षी झालेला पहिला विश्वचषक न्यूझीलंडने जिंकला, त्या वेळी कर्णधार होता तो हाच कर्क.

मूरीच्या जीवनातील दुसरा प्रसंग पहिल्याइतकाच बोधप्रद आहे. १९८२ च्या मोसमानंतर तो निवृत्त झाला. त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि त्याचे मानधन त्याने उघडपणे स्वीकारले. त्या काळच्या नियमांप्रमाणे रग्बीच्या नावावर पैसा मिळविणारा माणूस 'धंदेवाईक' ठरे. मूरी तसा ठरला, आणि ज्या खेळाचे त्याने सर्वोच्च पातळीवर नेतृत्व केले त्यात कोणतेही काम करण्याची दारे त्याला बंद झाली. गावच्या मुलांना शिकविण्याचीसुद्धा.

हा नियम कोठून आला? त्याची मुळे इंग्लंडच्या वर्गव्यवस्थेत आहेत. उत्तर इंग्लंडातील खाणकामगार आणि गिरणीकामगार रग्बी खेळू लागले तेव्हा सामन्यासाठी बुडालेल्या मजुरीची भरपाई त्यांना मिळावी अशी मागणी पुढे आली. ज्यांना मजुरी बुडण्याची चिंताच नव्हती अशा उच्चभ्रूंनी ती हौशीपणाच्या नावाखाली फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथे वीसहून अधिक क्लब फुटून निघाले आणि त्यांतून रग्बी लीग जन्माला आली. हौशीपणाचे उदात्त तत्त्व म्हणजे श्रमिकाला मैदानाबाहेर ठेवणारे कुंपण होते. तिकिटांचे उत्पन्न संघटनांच्या तिजोरीत जाई आणि ज्याच्या घामावर ते मिळे त्याला पुस्तकाचे मानधन घेण्याचाही अधिकार नव्हता.

आता दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. कातडीच्या रंगावरून माणसे वेगळी करणारी दक्षिण आफ्रिकेची संघटना आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाची सदस्य त्या सर्व काळात राहिली. तिला कोणी काढले नाही. पैसे मिळाल्याच्या उघड चर्चेनंतरही कॅव्हेलियर्सच्या खेळाडूंना दोन कसोट्यांपुरते बाजूस ठेवून परत घेण्यात आले. आणि पुस्तक लिहून त्याचे मानधन उजळ माथ्याने घेणारा कर्णधार मात्र अस्पृश्य ठरला! पावित्र्याची ही कल्पना कोणाच्या सोयीची होती, हे निराळे सांगावयास नको.

काळाने निर्णय दिला. ऑगस्ट १९९५ मध्ये मंडळाने स्वतःच हौशीपणाचा नियम मोडीत काढला. वर्णद्वेषी राजवट त्याआधीच, १९९४ च्या निवडणुकीने संपली होती. १९९५ च्या नोव्हेंबरात नेल्सन मंडेला न्यूझीलंडला आले, तेव्हा हॅमिल्टनचा सामना रद्द झाल्याची वार्ता रॉबेन बेटावरील कैद्यांना कशी उभारी देऊन गेली होती, ते त्यांनी सांगितले. मूरीला रग्बीची दारे पुन्हा उघडली. २००० ते २००२ या काळात तो वेलिंग्टनच्या 'हरिकेन्स' संघाचा प्रशिक्षक होता. पुढे न्यूझीलंडच्या रग्बी संघटनेच्या कार्यकारी मंडळावर आणि आंतरराष्ट्रीय मंडळाच्या समितीवरही त्याने काम केले.

मित्रहो, या कथेत हौतात्म्य नाही. एका शेतकऱ्याच्या मुलाने आपल्याला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट एका हिवाळ्यापुरती नाकारली, एवढेच घडले. तेव्हा ज्यांनी ती गोष्ट नाकारली नाही त्यांनाही पुढे कारणे शोधीत बसावे लागले; मूरीला ते करावे लागले नाही. आपल्यातील प्रत्येकाच्या वाट्याला केव्हा ना केव्हा असे एखादे मैदान येते: कार्यालय असेल, गावची पंचायत असेल, लग्नाची पंगत असेल. तेथे कोणाला बाहेर उभे केले आहे हे दिसत असूनही आत जाऊन बसावयाचे की नाही, हा प्रश्न आपल्यालाही सुटणार नाही. तेव्हा 'येथे राजकारण नको' असे सांगणारा कोणीतरी शेजारी असेलच. त्याला विचारा, की बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तो हे कोणत्या शब्दांत समजावून सांगेल.